चिंचेखालची मिस्सा

“बाळ घेऊन चाललीस, तर पुढच्या बाकावर बसू नकोस हं. दारापाशी बस.”

मंडळी, हे शब्द माझ्या सासूबाईंचे! चार पोरं वाढवलेली बाई ती. पण मी कोण? मी बी.एस्सी. झालेली! बाळ कसं वाढवावं यावर जाडजूड पुस्तक वाचलेलं, मोबाइलवर रोज सूचना येणार — आज बाळाला हे द्या, आज बाळाला ते देऊ नका! मी म्हटलं, “आई, तो झोपलाय. आणि मागे बसलं की फादरांचं काही ऐकू येत नाही.” आणि जोएलला खांद्यावर टाकून ऐटीत जाऊन बसले — थेट दुसऱ्या बाकावर!

मग काय झालं असेल? आयांनो, तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे!

शुभवर्तमान संपलं. फादर ग्रेगरींनी प्रवचनासाठी घसा खाकरला — आणि आमच्या जोएलनेही खाकरला! फादरांचा आवाज माइकमधून, याचा माइकशिवाय. दोघांत कोण जिंकलं असेल? फादरांनी तीनदा ‘प्रिय बंधुभगिनींनो’ म्हटलं आणि तिन्ही वेळा बंधुभगिनी माझ्याकडे बघत होते! आमचं देऊळ लांबलचक, पोर्तुगीजांच्या काळचं. दुसऱ्या बाकापासून दारापर्यंतची ती वाट — काय सांगू! लग्नाच्या दिवशी त्याच वाटेने मी आत आले, तेव्हासुद्धा एवढ्या माना माझ्याकडे वळल्या नव्हत्या!

तर अशी मी बाहेर आले. आणि मंडळी, आजचं आख्यान बाहेरच घडतं.

पण थांबा, आधी प्रश्न. कीर्तनाला उभं राहिलं की प्रश्न विचारायचाच! दर रविवारी देवळात जायलाच पाहिजे का? हो की नाही? लाजू नका, तुमचे फादर पाठमोरे बसलेत, त्यांना दिसणार नाही! कोणी म्हणतं, देव काय फक्त देवळात राहतो? माझ्या वाडीत, केळीच्या बागेत, विड्याच्या पानाच्या मांडवात तो नाही? आहे की! कोणी म्हणतं, रविवारची प्रार्थना, मिस्सा, आम्ही टीव्हीवर बघतो — हातात चहा, पायावर पाय! कोणी म्हणतं, सोमवार ते शनिवार साहेबाचं बंधन, घरी बायकोचं बंधन, आणि रविवारी पुन्हा देवाचंही बंधन? माणसाने मोकळं व्हायचं तरी कधी?

हा ‘बंधन’ शब्द ध्यानात ठेवा. त्याच्यासाठीच मी आज उभी आहे. पेटीवाले, सूर द्या. आणि मेल्विन — हा माझा नवरा, तिथे पहिल्या रांगेत — जोएलच्या तोंडात काय आहे बघ जरा! फुलाची पाकळी? काढ ती! हां. मंडळी, म्हणा माझ्या मागे —

*दाराबाहेर उभं कोण, त्याला आत घ्या हो!*
*आतल्यांनो, थोडं सरका, जागा करून द्या हो!*

वा! सरका म्हटल्यावर त्या कोपऱ्यातले काका खरंच सरकले! देव भलं करो.

तर मी बाहेर आले. आमच्या देवळाच्या आवारात, फाटकाला लागून, एक जुनी चिंच आहे. त्या चिंचेखाली, मंडळी, आणखी एक देऊळ भरतं! आत बाया, पोरं, म्हातारी माणसं. आणि चिंचेखाली? आमचे वीर! गाड्यांना रेलून उभे. आत वाचन चाललंय, इथे केळीचा भाव. आत प्रवचन, इथे पंचायतीची निवडणूक. भिंतीवर भोंगा लावलाय म्हणून मिस्सा ऐकू येते, एवढाच काय तो संबंध! विचारलं तर छाती काढून सांगणार, “मी एक रविवार चुकवलेला नाही!” खरंच आहे ते. चुकवलेला नाही, फक्त आत गेलेले नाहीत!

काका, तुम्ही खाली का बघताय? मी आमच्या गावचं सांगतेय!

या वीरांमध्ये सर्वांत जुने इंत्रू काका. इंत्रू लोपीस. उंच, वाळलेले, डोक्याला टोपी, पानवाडीत उभा जन्म गेलेला. आणि त्यांची बायको पोलीन मावशी — ती पहिल्या बाकावर! नवरा सर्वांत बाहेर, बायको सर्वांत आत. पोलीन मावशी म्हणजे देवळाचा दुसरा खांब. कोणी उशिरा आलं, कोणी गुडघे टेकले नाहीत, कोणाची ओढणी घसरली — सगळं तिला मान न वळवता दिसतं. बिशप येणार म्हटलं तर फादरसुद्धा आधी तिला विचारतात, हार कोणता आणायचा!

जोएलला थोपटत मी ओट्यावर फेऱ्या मारत होते. तेवढ्यात आत श्रद्धावंतांच्या प्रार्थना सुरू झाल्या. भोंग्यातून आवाज आला — आजाऱ्यांसाठी प्रार्थना करू या. आतून सगळे म्हणाले, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” चिंचेखालचे वीर? गप्प! निवडणूक चालू! पण इंत्रू काकांनी टोपी काढली, फाटकाकडे तोंड केलं आणि खड्या आवाजात म्हणाले, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!”

मी दचकले. जोएलसुद्धा रडायचा थांबला.

आणि मंडळी, पुढच्याच क्षणी फाटकाच्या पलीकडून, रस्त्यावरून, एक बारीक बाईचा आवाज आला — “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.”

आता बाळ झालं ना, की बाईला डोक्याच्या मागेही डोळे फुटतात. त्यातून मी मुळातच भित्री! कोण आहे ती? आत का येत नाही? पोरं पळवणारी तर नसेल? — हो, माझ्या डोक्यात हे पहिलं! जोएलला घट्ट धरलं आणि भिंतीवरून डोकावले. समोर बेकरी. बेकरीजवळ एक स्कूटी. आणि स्कूटीपाशी तिशीतली एक मुलगी, डोक्यावरून ओढणी घेतलेली, हातात पावाची पिशवी. भिंतीकडे तोंड करून, हात जोडून उभी. पाव घ्यायला आलेलं माणूस हात जोडतं का हो? आणि पाव घेतल्यावर घरी जात नाही का?

मिस्सा संपली. शेवटच्या गाण्याआधीच स्कूटी सुरू झाली, ती गेली. इंत्रू काकांनी टोपी घातली. एकमेकांकडे बघणं नाही, बोलणं नाही. जसं काही झालंच नाही!

घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं. त्या मासे साफ करत होत्या. म्हणाल्या, “फिलू ती. पोलीनची मुलगी.”

मंडळी, ही फिलू, फिलोमिना, पोलीन मावशीची एकुलती एक. देवळात गाणारी, धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिली येणारी. तिने विरारकडच्या एका हिंदू मुलाशी कोर्टात लग्न केलं. हेमंत त्याचं नाव, मुलगा चांगला. पण पोलीन मावशीच्या घरात आकाश कोसळलं! मावशीने दारात उभं राहून सांगितलं, “आता देवळाची पायरी चढायची नाहीस तू!” आणि इंत्रू काकांचा हात धरून नेला घरातल्या देवाच्या आल्तारापाशी. “हात ठेवा. शपथ घ्या, तिच्याशी एक शब्द बोलणार नाही.” काकांनी घेतली शपथ. घरात राहायचं होतं ना त्यांना!

आता बघा बापाचं डोकं. शपथ कशाची? तिच्याशी बोलायचं नाही, याची. पण मिस्सेला उत्तर द्यायचं नाही, अशी शपथ कुठे होती? रविवार आला की बाप चिंचेखाली, लेक भिंतीपलीकडे. बाप म्हणतो ‘आमेन’. लेक म्हणते ‘आमेन’. बापाचा आवाज बसलेला असला की लेकीला कळतं, खोकला झालाय. लेकीचं ‘आमेन’ उशिरा आलं की बापाला कळतं, आज हिचं मन थाऱ्यावर नाही. पाच-सहा वर्षं, मंडळी, त्या दोघांचं सगळं बोलणं एवढंच!

आणि आत पहिल्या बाकावर पोलीन मावशी मैत्रिणींना सांगते, “आमचे हे आताशा बाहेरून का होईना, उत्तरं देतात हो. माझ्या नऊ-नऊ दिवसांच्या नव्हेना-प्रार्थना फळाला आल्या!”

आता थोडं माझं. म्हणजे पुढचं कळेल.

त्या फजितीनंतर मी फादरांना गाठलं. म्हटलं, “फादर, पोर रडतं, माझं मिस्सेत लक्ष नसतं, लोकांचंही घालवते. नाही आले तर पाप लागेल का?” फादर ग्रेगरी हसले. “ज्योत्स्ना, रविवारच्या मिस्सेचं बंधन आहे, ते काही कमी झालेलं नाही. पण आजाऱ्याला सूट आहे. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला आहे. तान्हं बाळ सांभाळणाऱ्या आईला आहे. तुला सूट आहे. निश्चिंत राहा.”

वा! घरी येऊन सांगितलं. मेल्विन म्हणाला, “मग झोप ना मस्त!” पुढच्या रविवारी सगळे तयार होऊन गेले. मी घरी. जोएलला आंघोळ घातली, तो झोपला. घर शांत. मग घंटा वाजली. आणि मंडळी, मला काय झालं कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. मोकळी झाले होते ना मी? कोणी बोल लावणार नव्हतं. पण दुपारी कोणी विचारलंही नाही, का गं, आली नाहीस? का विचारतील? मला सूट होती!

फादर बरोबर होते, हं. सूट खरी आहे, गरज पडली तर घ्यावी, आजारी लेकराला घेऊन धावू नये. माझं पोर मात्र ठणठणीत होतं. पुढच्या रविवारी मी परत गेले. सासूबाईंच्या आज्ञेप्रमाणे दारापाशी! सासूबाई, ऐकताय ना? माइकवरून कबूल करतेय!

आणि त्याच रविवारी फादरांनी चिंचेवर कुऱ्हाड घातली.

घाबरू नका, झाड तोडलं नाही! प्रवचनानंतर ते म्हणाले, “बाहेर उभं राहून मिस्सा होत नाही. येत्या रविवारपासून पहिल्या वाचनाला मोठं दार बंद. बाहेरचा भोंगाही बंद. ज्याला मिस्सा हवी, त्याने आत यावं. तान्ह्या बाळांच्या आयांसाठी बाजूचं दार उघडं राहील.”

आत टाळ्या! पहिली टाळी कोणाची? पोलीन मावशीची! बाहेर वीरांची तोंडं एवढीएवढी. माझं लक्ष मात्र इंत्रू काकांकडे. ते भोंग्याकडे बघत होते. दवाखान्यात आपल्या माणसाजवळचं मशीन कोणी बंद करायला निघावं आणि आपण बघावं, तसे.

कारण बघा ना! भोंगा बंद म्हणजे भिंतीपलीकडे मिस्सा नाही. मिस्सा नाही म्हणजे ‘आमेन’ नाही. आणि ‘आमेन’ नाही, तर बापाने लेकीशी बोलायचं कसं?

*दाराबाहेर उभं कोण, त्याला आत घ्या हो —*

म्हणा ना! जोरात! तिकडे भिंतीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे!

*आतल्यांनो, थोडं सरका, जागा करून द्या हो!*

आला तो रविवार. पहिलं वाचन सुरू व्हायला आलं, मोठं दार करकरत बंद होऊ लागलं — आणि चिंचेखालचे वीर निमूट आत! काय ती गर्दी! बाकांवर जागा नाही, पुरुषमाणसं भिंतीला पाठ लावून उभी, हातांचं काय करायचं ते कळत नाही, कारण खिशात गाडीची किल्ली खुळखुळवायची सोय नाही! मी बाजूच्या ओट्यावर, कडेवर जोएल. आतलं मला सगळं ऐकू येत होतं. आणि समोर आवारात — एकटे इंत्रू काका. चिंचेखाली. टोपी हातात.

भोंगा मुका. ते कानामागे हात धरून उभे. फाटकापलीकडे स्कूटी आलेली. ओढणी दिसत होती. बापाला ऐकू येईना, म्हणून बाप बोलेना. बाप बोलेना, म्हणून लेक उभीच. असा किती वेळ गेला! एकदा काकांनी अंदाजाने ‘आमेन’ म्हणून पाहिलं. आत तेव्हा वाचन चाललं होतं!

मंडळी, मी भित्री बाई. शाळेत वाचनाला उभं केलं तर कागद थरथरायचा. पण मला ते बघवेना. ओट्याच्या टोकाला गेले आणि चिंचेकडे तोंड करून म्हटलं, “काका! शुभवर्तमान सुरू झालं! येशू गर्दीला म्हणतोय —” आणि आतून एक वाक्य ऐकायचं, बाहेर एक सांगायचं! आपल्या शब्दांत, जमेल तसं! काका तेच वाक्य घेऊन फाटकाकडे वळायचे आणि झाडालाच सांगितल्यासारखं मोठ्याने म्हणायचे. तिच्याशी बोलत नव्हते ना, झाडाशी बोलत होते!

हसू नका! माझं पहिलं कीर्तन ते. श्रोता एक, वय सत्तर. दुसरा श्रोता कडेवर, लाळ गाळणारा.

सगळं ठीक चाललं होतं. अडचण एकच — आमची उत्तरं उशिरा पोचायची. आतली आधी, मग माझी, मग काकांची, मग रस्त्यावरची. प्रवचनात उत्तरं नसतात म्हणून निभावलं. पण प्रवचन संपलं, आणि आल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थना.

आत वाचणारी मुलगी म्हणाली, “आपल्यातून जे दूर गेले आहेत, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू या.”

सगळं देऊळ म्हणालं, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” पोलीन मावशीसुद्धा म्हणाली. पहिल्या बाकावरून, सर्वांत मोठ्याने.

मी काकांना सांगितलं. काका ओरडले, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!”

आत मुलगी पुढचं वाचायला पान उलटत होती. देऊळ गप्प. पंखे तेवढे फिरताहेत. आणि त्या शांततेत, बाजूच्या दारातून, रस्त्यावरून आलेला तो बारीक आवाज, थेट पहिल्या बाकापर्यंत —

“हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.”

मंडळी, आईला आवाज ओळखायला किती वेळ लागतो? शंभर पोरं एकदम रडू द्या, मी जोएलचं रडणं उचलून दाखवते! पोलीन मावशी उठली. कोणाला काही न सांगता वाटेने मागे चालायला लागली. हातात जपमाळ. लोकांना वाटलं, आज इंत्रूची धडगत नाही! मोठं दार तिने स्वतः ओढून उघडलं. करकर करकर! सगळ्या माना मागे. फादर वेदीवर उभे, आणि मिस्सा थांबलेली!

मावशी आवार ओलांडून फाटकाशी गेली.

फिलूने तिला पाहिलं आणि दोन पावलं मागे झाली. “आई, मी आत नाही आले. पायरी नाही चढले. बाहेरूनच — पाव घ्यायला येते.”

“दर रविवारी?”

“हो.”

“विरारला पाव मिळत नाही?”

आता सांगा, मंडळी, पाच-सहा वर्षांनी आई मुलीशी पहिल्यांदा बोलते, आणि विषय काय? पाव! मग मावशी गर्रकन काकांकडे वळली. कोणावर तरी ओरडायला नको?

“आणि तुम्ही! आल्तारावर हात ठेवून शपथ घेतली होती!”

काका म्हणाले, “तिच्याशी एक शब्द बोललो असेन तर जीभ झडो माझी. मी देवाशी बोलत होतो. तीही देवाशीच बोलत होती. आता मधे देव उभा होता, त्याला मी काय करू?”

तेवढ्यात फादर आले. अंगावर मिस्सेची वस्त्रं तशीच, आणि मागे निम्मं देऊळ! फादरांनी फिलूकडे बघितलं. ते आमच्याकडे नवीन, तिला ओळखत नव्हते. “ही बाहेर का उभी आहे?”

मावशी म्हणाली, “फादर, माझी मुलगी. कोर्टात लग्न झालंय हिचं. आपल्यात नाही झालं. म्हणून हिला मिस्सेला यायचं नाही.”

“कोणी सांगितलं?”

“कोणी सांगायला कशाला पाहिजे? नियमच आहे ना! सगळ्यांना माहीत आहे!”

मागच्या गर्दीने माना डोलावल्या. सगळ्यांना माहीत होतं, खरंच! मलाही माहीत होतं, बी.एस्सी. असून! फक्त देवळात जाऊन विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. लाजेची गोष्ट आपण फादरांना विचारत नाही, शेजारणीला विचारतो. आणि शेजारीण छातीठोक सांगते!

फादर म्हणाले, “सगळ्यांना माहीत आहे, आणि मलाच नाही? बाप्तिस्मा कुठे झाला हिचा?”

“इथेच, फादर. याच देवळात.”

“मग ऐका. लग्नाचं काय करता येईल ते आपण बसून बघू. तोवर तिला कम्युनियनची पवित्र भाकर घेता येणार नाही, हे खरं. पण मिस्सा? पोलीनबाई, आजाऱ्याला सूट आहे, तान्ह्या बाळाच्या आईला सूट आहे. कोर्टात लग्न केलं म्हणून रविवारची सूट मिळते, असं मी कुठे वाचलेलं नाही!” आणि ते फिलूकडे वळले. “तुला रविवारचं बंधन आहे. या सगळ्यांइतकंच. तुला सूट कोणी दिली?”

फिलूने पावाची पिशवी छातीशी धरली.

“मला यावं लागतं, फादर? अजून?”

“यावंच लागतं.”

मंडळी, ती मुलगी हसायला लागली. आणि हसता हसता रडायला लागली. ‘यावंच लागतं’! ज्या शब्दाला आपण रविवारी सकाळी पांघरुणात कंटाळतो, तो शब्द त्या मुलीने दोन्ही हातांनी झेलला! आणि मला माझा तो घंटेचा रविवार आठवला. यावंच लागेल, असं आपण कोणाला म्हणतो? पाहुण्याला? पाहुण्याला म्हणतो, जमलं तर या. यावंच लागेल म्हणतो ते घरच्या माणसाला! जेवायला बसलं आणि पान मोकळं दिसलं, तर कोणाच्या नावाने हाका मारतो? जे आपलं असतं त्याच्या!

आणि पोलीन मावशी? तिने पदराने डोळे पुसले, त्याच पदराने मुलीचे पुसले, आणि मग तिला तिचा नेहमीचा आवाज सापडला! “ऐकलंस? यावंच लागतं म्हणतात! एवढी वर्षं दांड्या मारल्यास आणि वर पाव घ्यायला येते म्हणतेस! चल आत! ओढणी नीट घे.”

फिलू म्हणाली, “आई, गाडी—”

“राहू दे गाडी! पाव आण. पाव दे इकडे.”

फादरांनी काकांना खूण केली, “तुम्हीही आत.” काका म्हणाले, “फादर, मला आत गुदमरतं.” फादर म्हणाले, “मोठं दार उघडं ठेवतो. चला!”

असे ते तिघे मधल्या वाटेने पुढे गेले. पहिला बाक गच्च भरलेला. बाया म्हणाल्या, “पोलीन, जागा कुठे आहे गं?” मावशी म्हणाली —

काय म्हणाली? सगळ्यांनी सांगा!

*सरका!*

सरकले सगळे! इंत्रू काका कित्येक वर्षांनी बाकावर टेकले. एका बाजूला बायको, एका बाजूला लेक. आणि मिस्सेच्या शेवटी फादर सूचना वाचायला लागले, तेव्हा माइकमधून एक वेगळाच सूर येऊ लागला. काका घोरत होते! मावशी त्यांना ढोसायला निघाली, तर फिलूने तिचा हात धरला. “झोपू दे ना, आई. दमलेत ते.”

कोणी विचारेल, लग्नाचं पुढे काय झालं? फादरांकडे बसून बोलणी झाली. हेमंतही आला, कागद आले, वेळ लागला, पण सगळं रीतसर झालं. पण ती आत आली त्या रविवारी त्यातलं काहीच झालं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा. आमच्याकडचं दार आता मिस्सेला उघडंच असतं आणि भोंगाही चालू आहे. फादर म्हणाले, “मी दार बंद केलं ते बाहेरच्यांना आत आणायला. पण बाहेर कोण आहे, ते आधी बघायला हवं होतं.”

तर मंडळी, दर रविवारी जायलाच पाहिजे का? जायला पाहिजे! आजारी असाल तर नका जाऊ, देवाला कळतं. आणि बाहेर गाडीला रेलून उभं राहणं म्हणजे जाणं नव्हे, हे वीरांना पुन्हा सांगते. पण देव आपली हजेरी मोजत बसतो म्हणून जायचं नाही. आपली जागा मोकळी राहिली, तर कोणाला तरी ती दिसली पाहिजे म्हणून जायचं. आणि दुसऱ्याची मोकळी राहिली, तर आपल्याला दिसली पाहिजे म्हणून! नुसतं आपण आत गेलो, बाक अडवून बसलो, पुढच्या बाकावरून टाळ्या वाजवल्या, तर आपलं अर्धंच झालं.

ही झांज वाजवणारी बाई बघा, माझ्या उजव्या हाताला. निळं लुगडं. मघापासून चुकीच्या जागी झांज वाजवतेय, आणि पदराने नाक पुसतेय. ओळखलंत? पोलीन मावशी ती! आमच्या मंडळात तिनेच नाव घातलं. म्हणाली, “ही गोष्ट सांगायची तर माझ्यासमोर सांग, माझं काही झाकू नकोस.”

फिलू तिच्या मागे, सुरात आहे ती. आणि इंत्रू काका?

ते आमच्याबरोबर गावोगाव येतात. पण कीर्तनाला आत बसत नाहीत. मिस्सेला बसतात हो, पहिल्या बाकावर! पण कीर्तन असलं की म्हणतात, “ज्योत्स्ना, तू आतल्यांना सांग. मी बाहेर कोण आहे ते बघतो.” तुमच्या देवळाच्या फाटकापाशी ते आत्ता उभे असतील. उंच, वाळलेले, हातात टोपी.

मी उभी आहे उजेडात, मला तिथलं दिसत नाही. आणि मला माझं पोरही सांभाळायचंय. पण दाराजवळ बसलेल्यांनो, तुम्हाला दिसतं. जरा उठा. मान वळवा. इंत्रू काकांच्या शेजारी कोणी उभं आहे का, बघा. तुमच्याच गावचं असेल. तुम्ही ओळखत असाल. कदाचित तुमच्याच घरचं असेल. कोणी असलं, तर तसंच परत येऊन बसू नका. जवळ जा, आणि आपल्या माणसाला विचारतात तसं, जरा रागाने विचारा, “काय गं, आली का नाहीस?”

जा ना. आम्ही सरकून बसतो तोवर.